एमजीबीचे इंजिन घरी उतरवताना आणि परत चढवताना

इंजिन उतरवायचे ठरले की नवखा माणूस सर्वांत आधी क्रेनच्या चौकशीला लागतो. माझ्या मते त्याने आधी एक शंभर पानी वही आणावी. प्रत्यक्ष लोखंड उचलण्याचे काम या सगळ्या उद्योगात जेमतेम अर्ध्या तासाचे असते. बाकीचे दिवस जातात ते कोणती वायर कुठून निघाली, कोणता बोल्ट लांब होता, कोणता आखूड, आणि ब्रॅकेट वॉशरच्या वर होते की खाली, याचा हिशेब ठेवण्यात. उतरवताना ज्याने हा हिशेब ठेवला त्याचे इंजिन ठरल्या वेळी परत चढते, आणि ज्याने ठेवला नाही त्याचे इंजिन ताडपत्रीखाली पडून राहते.

येथे उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेतली आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या स्पोर्ट्स कारमध्ये १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे बीडाचे इंजिन आहे, बॉनेटखाली हात घालायला पुरेशी जागा आहे आणि बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात, त्यामुळे पहिल्यांदा हे काम करणाऱ्यासाठी ती चांगली शाळा आहे. इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना असलेल्या त्या काळातील बहुतेक गाड्यांना हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते. आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मात्र हाताशी असलेच पाहिजे, कारण टॉर्कचे, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याचे आकडे आणि वर्षागणिक झालेले बदल कोणत्याही लेखात पूर्ण मावत नाहीत.

जागा आणि हत्यारे

जमीन सपाट आणि पक्की हवी. क्रेनची लहान लोखंडी चाके मातीत रुततात, फरशीच्या सांध्यात अडकतात आणि उतारावर स्वतःहून चालू लागतात, त्यामुळे कोबा किंवा काँक्रीट नसेल तर हे काम तेथे करू नये. गाडीच्या पुढे क्रेन मागे ओढता येईल एवढी, म्हणजे साधारण गाडीच्याच लांबीइतकी मोकळी जागा लागते. छताची उंचीही आधीच मोजून घ्यावी, कारण गिअरबॉक्ससह निघणारे इंजिन बरेच तिरपे होऊन वर येते आणि क्रेनचा दांडा त्याहूनही वर जातो.

क्रेनच्या दांड्याला चार भोके असतात आणि प्रत्येक भोकापाशी वजनाचा आकडा लिहिलेला असतो. दांडा जितका लांब कराल तितकी ताकद कमी होते, आणि एक टनाची म्हणून आणलेली क्रेन शेवटच्या भोकात बहुधा पाव टनाचीच उरते. एमजीबीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे शेवटच्या भोकात हाताशी राखीव ताकद फारशी राहत नाही. पण आखूड दांड्याने क्रेनचा हूक इंजिनच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून क्रेन घेण्यापूर्वीच तिचा हूक गाडीच्या नाकापासून किती आत पोहोचतो हे मोजावे आणि मगच ती ठरवावी. क्रेनसोबत स्क्रूने पुढे-मागे सरकणारा लेव्हलर अवश्य घ्यावा. चार साखळ्यांच्या या आडव्या पट्टीचा दांडा फिरवला की हवेत टांगलेले इंजिन हवे तितके तिरपे करता येते, आणि त्याच्याविना जे काम दोघे हाताने ढकलून, शिव्या देत करतात ते एक माणूस बोटांनी करतो.

पाने इंची लागतात. या गाडीवर ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच या मापांचे रिंग पाने आणि सॉकेट सतत हातात असतात. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो नट १२.७ मिलिमीटरचा असतो, आणि साठ वर्षांच्या गंजलेल्या नटाचे कोपरे घालवायला तेवढी ढिलाई पुरते. याखेरीज टॉर्क रेंच, चांगला जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, तेल व पाणी धरायला दोन घमेली, पेट्रोलला चालणारे अग्निशामक आणि भरपूर चिंध्या जवळ असाव्यात. गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच सर्व अवघड नटांवर मारून ठेवावे. सकाळी मारून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही.

नुसते इंजिन की गिअरबॉक्ससह?

हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. नुसते इंजिन काढले तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे चाल नेणारा दांडा), गिअरची दांडी, वेगाच्या मीटरची केबल आणि गिअरबॉक्सखालचा आडवा तुळईसारखा भाग हे काहीच सोडवावे लागत नाही, आणि ऐकायला ते फार सोयीचे वाटते. परंतु परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांतून नेमका जावा लागतो, आणि हे काम हवेत लोंबकळणाऱ्या इंजिनाने, न दिसणाऱ्या जागी करावे लागते. दोन्ही एकत्र काढले तर तीच जोडणी जमिनीवर, डोळ्यांसमोर होते. उतरवताना दोन-तीन तास जास्त जातात, चढवताना एक दिवस वाचतो. नवख्याने दोन्ही एकत्रच काढावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे वर्णन त्याच पद्धतीचे आहे.

सोडवण्याचा क्रम

प्रथम बॅटरीची अर्थची केबल काढावी. येथे जुन्या गाड्यांची एक गंमत आहे. १९६७ च्या अखेरीपूर्वीच्या एमजीबीत अर्थ निगेटिव्ह नसून पॉझिटिव्ह असते, शिवाय सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. म्हणून ‘काळी वायर आधी’ हा पाठ केलेला नियम बाजूला ठेवून, बॉडीला घट्ट केलेली केबल कोणती आहे ते डोळ्यांनी पाहावे आणि तीच आधी सोडवावी.

यानंतर बॉनेट. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली तर परत बसवताना फटी जुळवत बसावे लागत नाही. बॉनेट दोघांनी धरावे आणि उतरवल्यावर भिंतीला टेकवून न ठेवता जुन्या गोधडीवर आडवे ठेवावे, कारण भिंतीला टेकवलेले बॉनेट कधी ना कधी घसरतेच.

मग पाणी आणि तेल. इंजिन थंड असल्याची खात्री करून रेडिएटर रिकामा करावा आणि ब्लॉकच्या बाजूचा निचरा नळही उघडावा. नळ उघडूनही पाणी आले नाही तर तो गाळाने बुजला आहे असे समजून तारेने मोकळा करावा. कूलंट विषारी असते, त्याची चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात, म्हणून भरलेले घमेले क्षणभरही उघडे सोडू नये. इंजिन ऑइल काढून त्याचा बोल्ट लगेच परत लावावा. सुटा बोल्ट घमेल्यात हरवतो, आणि तेलाचे उरलेले थेंब पुढचे दोन दिवस जमिनीवर पडत राहतात.

होज पाइप, रेडिएटर, रेडिएटर ज्याला धरलेला आहे तो पत्रा आणि ऑइल कूलर असेल तर त्याचे पाइप हे सगळे काढल्यावर इंजिनच्या पुढे मोकळा दरवाजा तयार होतो. जुने होज पाइप ओढून काढण्याची खटपट करू नये. ते तसेही बदलायचेच असतात, त्यामुळे चाकूने उभे चिरावे. ओढाताणीत रेडिएटरची पितळी नळी वाकली तर साध्या कामातून नवे काम निघते.

आता वहीचे खरे काम सुरू होते. प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी तिच्या टोकाला कागदी टेपचा झेंडा लावून त्यावर क्रमांक लिहावा, तोच क्रमांक वहीत लिहून पुढे ती कुठे लागलेली होती ते शब्दांत नोंदवावे. ‘७ : डिस्ट्रिब्युटरची बाजू, कॉइलकडे जाणारी, पांढरी-काळी’ एवढे पुरते. मोबाइलवर फोटोही काढावेत, पण केवळ फोटोंवर विसंबू नये, कारण वायर ज्या ब्रॅकेटच्या मागून गेली होती ती मागची बाजू फोटोत कधीच दिसत नाही. सेल्फच्या वायरी, डायनॅमो किंवा अल्टरनेटरच्या वायरी, कॉइल, आणि नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरील रिव्हर्स लाइट व ओव्हरड्राइव्हच्या वायरी हा साधारण हिशेब आहे. प्लगच्या वायरींवर १ ते ४ असे आकडे घालावेत. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असून डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. डिस्ट्रिब्युटर स्वतः मात्र अजिबात हलवू नये. तो जागेवर राहिला तर टायमिंगही जागेवर राहते.

नट-बोल्ट काढले की शक्य असेल तेथे ते त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवावेत. जे ठेवता येत नाहीत ते वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून. सगळे एका डब्यात टाकण्याचा मोह फार होतो, पण एकदा तो डबा कालवला की त्यातल्या प्रत्येक बोल्टचे घर शोधावे लागते.

एक भाग असा आहे की ज्याकडे पहिल्यांदा कोणाचेच लक्ष जात नाही. सुरुवातीच्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा मीटर विजेवर चालत नाही. सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूला एक पितळी फुगा स्क्रूने बसवलेला असतो आणि तेथून बोरूच्या टोकाएवढी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डपर्यंत गेलेली असते. तिच्यात ईथर भरलेले असते आणि ते उष्णतेने प्रसरण पावून काटा हलवते. ही नळी पिळली, मोडली किंवा पक्कडीत चेपली तर मीटर कायमचा गेला. त्यामुळे हेडमधला नट सोडवताना नळी नटाबरोबर फिरत नाही ना हे दुसऱ्या हाताने पाहत राहावे, फुगा हळूच बाहेर काढावा, नळीची मोठी सैल गुंडाळी करून ती डॅशबोर्डच्या बाजूच्या भिंतीकडे, इंजिनच्या वाटेबाहेर बांधून ठेवावी. त्याच मीटरला ऑइल प्रेशरचा पाइपही येतो, तो ब्लॉकपाशी सोडवावा आणि त्याचे तोंड चिंधीने बंद करावे.

पेट्रोलचा पाइप सोडवताना मोकळी हवा असावी, जवळपास दिवा, शेगडी, ग्राइंडर काहीही चालू नसावे. पाइपच्या तोंडात घट्ट बसेल असा बोल्ट किंवा बूच घालावा. चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल सोडवून दोन्ही कार्बुरेटर एकत्रच, मधल्या दांड्यासह, उचलून बाजूला ठेवावेत. ते एकमेकांशी जुळवलेले असतात, सुटे केले तर जुळवणी पुन्हा करावी लागेल. डाव्या बाजूच्या एक्झॉस्टचे सहा नट पितळी असतात आणि बहुधा सहजपणे निघतात. त्यांच्या जागी कोणी लोखंडी लावलेले असतील तर मात्र रात्रभर तेल मुरवूनही स्टड तुटण्याची तयारी ठेवावी.

गाडीखालचे काम

चाकांना ठोकळे लावून गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून जॅक स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, क्षणभरासुद्धा जाऊ नये. गाडी किती उचलावी यात एक ओढाताण आहे. क्रेनचे पाय खाली सरकावेत इतकी ती वर हवी, पण इंजिन नाकावरून बाहेर काढायचे असल्याने जितकी कमी उंच तितकी बरी. क्रेनच्या पायांची उंची मोजून तीत चार बोटे मिळवावीत, त्याहून जास्त नको.

प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्सला चार बोल्टांनी फ्लँजवर जोडलेला असतो. दोन्ही फ्लँजवर छिन्नीची किंवा रंगाची एक सरळ खूण आधी करावी, म्हणजे शाफ्ट पूर्वीच्याच स्थितीत बसेल आणि नवी थरथर सुरू होणार नाही. ज्या गाड्यांत शाफ्टचे टोक थेट गिअरबॉक्समध्ये सरकते तेथे तो काढताच मागून तेल येते, तेव्हा तेथे गिअर ऑइल आधी काढावे. एमजीबीत हा प्रश्न येत नाही. वेगाच्या मीटरची केबल हाताने सुटते. क्लचचा खालचा सिलिंडर बेल हाउसिंगला (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाला) दोन बोल्टांनी लागलेला असतो. तो पाइपासह सोडवून वर बांधून ठेवला की क्लचची हवा काढण्याचे काम टळते. त्यानंतर मात्र क्लचच्या पॅडलला कोणी पाय लावता कामा नये, नाही तर पिस्टन बाहेर येईल. पॅडलवर सुतळीने एक कागद बांधून ठेवलेला बरा.

गाडीच्या आत गिअरची दांडी काढावी आणि वरचे भोक झाकावे. त्यात पडलेला वॉशर शोधण्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो.

आता गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा. क्रेन लावून साखळी ताठ होईपर्यंतच उचलावी, आणि मग पुढच्या दोन इंजिन माउंटिंगचे बोल्ट व मागचा आडवा आधार सोडवावा. माउंटिंगखाली एका बाजूला पातळ पत्रा असेल तर तो कोणत्या बाजूचा होता ते लिहावे. साखळी कुठे बांधावी याबद्दल घाई नको. हेडवरील किंवा ब्लॉकवरील मजबूत बोल्ट, तेही पूर्ण आटे पकडलेले, हेच योग्य. थर्मोस्टॅटचे ॲल्युमिनियमचे घर, कार्बुरेटरचे स्टड किंवा रॉकर कव्हरचा पत्रा यांच्यावर भार येऊ देऊ नये.

उचलणे

उचलण्यापूर्वी क्रेनला हात न लावता गाडीभोवती एकदा पूर्ण फेरी मारावी, आणि इंजिन व बॉडी यांच्यामध्ये अजून काय जोडलेले आहे तेवढेच शोधावे. मी पहिल्यांदा ही फेरी उरकली होती, केली नव्हती. पंप मारत गेलो, इंजिन वर येत गेले आणि त्याच्याबरोबर गाडीचे नाकही जॅक स्टँडवरून बोटभर वर आले. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची विणलेली पट्टी तेल-मातीने इतकी काळी झाली होती की ती बॉडीचाच भाग वाटली होती. एक पाना, एक बोल्ट, अर्ध्या मिनिटाचे काम, पण ती पट्टी तुटली असती तर गाडीला किती हिसका बसला असता हे आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. एका वेळी पंपाचे दोनच दट्टे मारायचे, थांबायचे, चारही बाजूंनी पाहायचे. इंजिन अडले तर ते एक तर काही तरी सोडवायचे राहिल्यामुळे अडलेले असते किंवा कोन चुकल्यामुळे. जोराने सुटणारी तिसरी अडचण या कामात नसते. लेव्हलर फिरवत पुढची बाजू वर आणि गिअरबॉक्सची शेपूट खाली करत न्यावी, आणि जसजसे इंजिन पुढे सरकेल तसतसा मागचा जॅक खाली घ्यावा. एका माणसाने क्रेन सांभाळावी आणि दुसऱ्याने फक्त शेपटीकडे लक्ष द्यावे. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके घालू नये. ढकलायचे तर बाजूने ढकलावे. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरने पुढचा पत्रा ओलांडला की क्रेन मागे ओढून इंजिन लगेच खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर आणावे, आणि मगच क्रेन हलवावी. उंचावर लोंबकळणाऱ्या वजनासकट क्रेन ढकलली तर ती उलटू शकते. खाली उतरवताना क्रेनचा व्हॉल्व्ह केसभर फिरवावा. एकदम उघडला तर दोनशे किलो एकदम खाली येतात.

बाहेर असताना

इंजिन जमिनीवर आले की एक विचित्र उत्साह येतो आणि माणूस सगळेच नवे करायला निघतो. तेथे आवर घालावा. इंजिन बॉनेटखाली असताना ज्या भागांपर्यंत हात पोहोचत नाही तेच आता बदलावेत : क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि कार्बनचे रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र, क्रँकच्या टोकातील लहान पितळी बुश, मागचे ऑइल सील, ब्लॉकच्या मागच्या बाजूची पत्र्याची बुचे, आणि माउंटिंगचे रबर. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागे रबरी सील नसते, तेथे तेल थोपवण्याचे काम खाच पाडलेला भाग करतो. त्यानंतरच्या पाच बेअरिंगच्या इंजिनात मात्र ते असते आणि बदलण्याची हीच वेळ. रंगरंगोटी इंजिनच्या पोकळीलाच करून घ्यावी, पण ती वाळण्याच्या नादात काम महिनाभर रेंगाळू देऊ नये.

जुन्या क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. बेल हाउसिंगमधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. मास्क लावून ओल्या चिंधीने पुसावी आणि चिंधी पिशवीत बंद करून टाकावी.

क्लच बसवताना फ्लायव्हीलचा चेहरा स्पिरिटने पुसून कोरडा करावा, त्याला बोट लावू नये. क्लचप्लेटला दोन वेगळ्या बाजू असतात, एका बाजूचा मधला भाग जास्त बाहेर आलेला असतो, आणि बऱ्याच प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे लिहिलेलेही असते. मी ते वाचले होते आणि तरीही उलटी बसवली, कारण बोलत बोलत काम चालले होते. इंजिन गाडीत चढल्यावर क्लच सुटेना, आणि सगळा खेळ पहिल्यापासून करावा लागला. प्लेट मधोमध आणण्यासाठी जुळवणीची दांडी मिळते. ती बुशमध्ये घालून प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येक वेळी अर्धा फेरा, असे घट्ट करावेत, आणि शेवटी मॅन्युअलप्रमाणे ३४ ते ४१ न्यूटन मीटर टॉर्क द्यावा. दांडी काढून पुन्हा घालून पाहावी. ती अडखळत आत गेली तर प्लेट मध्यावर नाही.

मग गिअरबॉक्स जोडावा, आणि त्यासाठी वेळ काढावा. गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर इंजिनच्या पातळीत आणावा, गिअर टाकलेला ठेवावा आणि मागचा फ्लँज हाताने किंचित मागे-पुढे फिरवत पुढे ढकलावे. शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांत बसले की हाताला सहज जाणवणारी एक मऊ घसरण होते आणि फट एकदम बोटभराने कमी होते. शेवटचे अर्धा इंच राहते ते बुशमुळे. तेव्हा फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी आहे का ते पाहावे. वर जास्त असेल तर मागची बाजू किंचित उचलावी. फट बोल्टांनी आवळून मिटवण्याचा मोह या ठिकाणी हमखास होतो आणि तोच सर्वांत महागात पडतो, कारण त्याने क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. दोन्ही चेहरे हाताने टेकले पाहिजेत, बोल्ट केवळ ते धरून ठेवण्यासाठी आहेत.

परत चढवणे

चढवणे म्हणजे वही शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत जाणे. इंजिन तिरपे करून शेपूट आधी आत घालावी. दुसऱ्या माणसाने गाडीखाली न जाता, बाजूने टॉर्चच्या उजेडात ती बोगद्यात शिरताना पाहावी आणि आत येताच जॅकवर घ्यावी. मीटरची नळी, ब्रेकचे पाइप आणि स्टीअरिंगचा दांडा यांच्यावर नजर ठेवावी, कारण उतरवताना जी गोष्ट वाटेत नव्हती ती चढवताना बरोबर वाटेत येते. माउंटिंगचे सर्व बोल्ट आधी हाताने दोन-चार आटे लावावेत. एकही घट्ट करू नये. सगळे लागले, इंजिन क्रेनवरून खाली बसले, मागचा आधारही बसला, की मगच घट्ट करायला घ्यावेत. एक आधी आवळला तर दुसऱ्याचे भोक जुळत नाही, आणि जुळवण्यासाठी हातोडीने काम करणाऱ्याच्या हातून आटे जातात.

यानंतर वायरी, पाइप, केबल. अर्थची पट्टी सर्वांत आधी लावावी, आणि तिच्याखालचा रंग व गंज घासून पत्रा चकचकीत करावा. ती राहिली तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून परत जायला पाहतो आणि ती केबल लाल होते. एक्झॉस्टची पॅकिंग नवीच घालावी. क्लचचा सिलिंडर बसवताना त्याची दांडी फोर्कमध्ये नीट बसली आहे ना हे पाहावे. वहीतला प्रत्येक क्रमांक पेन्सिलीने खोडत जावा, आणि खोडायचा राहिलेला एकही क्रमांक किंवा पिशवीत उरलेला एकही बोल्ट असला तर चावीला हात लावू नये.

पहिल्यांदा चालू करताना

गिअरबॉक्स आणि इंजिन या दोन्हींत तेल भरल्याची खात्री पुन्हा करावी. एकमेकांना विचारून नव्हे, डिपस्टिक काढून. पाणी भरताना हीटरचा नळ उघडा ठेवावा, नाही तर हवा आत कोंडते. चारही प्लग काढून सेल्फ मारावा आणि ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत थांबून थांबून मारत राहावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. बरेच दिवस कोरडे पडलेल्या इंजिनात तेलाचा पंप कधी कधी तेल ओढतच नाही. अशा वेळी ऑइल कूलरचा पाइप सोडवून त्यातून ब्लॉकच्या दिशेने तेल ओतले की तो पकडतो. काटा उठल्याशिवाय प्लग लावू नयेत.

प्लगची फट ०.६४ मिलिमीटर ठेवून ते लावावेत, पेट्रोलचा पंप चालू करून कार्बुरेटरपाशी गळती पाहावी, अग्निशामक उजव्या हाताला ठेवावे आणि इंजिन चालू करावे. दुसऱ्या माणसाने चावीवर हात ठेवून फक्त ऑइलचा काटा पाहावा. इंजिन पेटल्यावर काही सेकंदांत तो वर गेला नाही तर लगेच बंद करावे. तापलेले चांगले इंजिन चालवताना हा काटा ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच दाखवतो आणि मोकळ्या चालीवर १० ते २५ च्या दरम्यान उतरतो. पहिल्या काही मिनिटांत एक्झॉस्टवरून धूर येतो, वासही येतो. हाताळताना लागलेले तेल जळत असते. धूर पाच मिनिटांत कमी झाला नाही, किंवा तो एक्झॉस्टवरून नव्हे तर वायरींकडून येत असेल, तर बंद करून बॅटरीची अर्थ काढावी.

इंजिनमध्ये कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे बसवले असतील तर पहिली वीस मिनिटे ते मोकळ्या चालीवर सोडू नये, दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवावे. जुनेच असतील तर ही गरज नाही. पाणी तापून थर्मोस्टॅट उघडला, वरचा होज गरम झाला, की बंद करून थंड होऊ द्यावे, पाणी पुन्हा भरावे, आणि क्लच दाबून सर्व गिअर पडतात का ते चाके जमिनीवर टेकल्यावरच पाहावे. पहिली फेरी घराभोवतीची, दहा मिनिटांची. परत आल्यावर बॉनेट न लावताच गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर कोणत्या रंगाचा थेंब कुठे पडला आहे ते पाहावे. त्या थेंबाची जागा आणि तारीख वहीत लिहून, माउंटिंगचे, एक्झॉस्टचे आणि प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा ताणून पाहावेत, आणि मग बॉनेट पेन्सिलीच्या त्या रेघांवर बसवावे.